न प्यायलेली दारू

मी आयुष्यात दारूचा एक थेंब घेतलेला नाही. तरीही मावळातल्या एका डोंगरवाडीत सतरा वर्षं आणि लोणावळ्यातल्या एका घरात बारा वर्षं माझी ओळख पिणारा माणूस अशीच होती, आणि ती मी स्वतःच्या तोंडाने पक्की केली होती. हे लिहायला आता घाई केली पाहिजे, कारण हात ऐकेनासा झाला आहे. अक्षर ओळ सोडून खाली उतरतं. जन्मभर पोरांच्या हातावर पट्ट्या मारून शुद्धलेखन करून घेतलं, आणि आता माझंच पान बघून मला चीड येते.

आम्ही सोमाटण्याचे. वडील पोस्टमन होते, थेट सुदुंबऱ्यापर्यंतची गावं त्यांच्याकडे. माणूस माळकरी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पस्तिशीत त्यांचा पाय वाकडा पडायला लागला. आधी सपाट रस्त्यावर अडखळायचे, मग हातातली पत्रं सुटायची, मग बोलणं जड झालं. लोक म्हणाले वात आहे. तेलं झाली, लेप झाले, कुणी करणी म्हटलं, तेही करून झालं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं, तिला तर झपाटलेलीच ठरवलं होतं. वडील सहा वर्षं ओट्यावर बसून होते, शेवटची दोन अंथरुणात. ते गेले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि माझी एकुलती एक बहीण सहा वर्षांची. तिला त्यांचं चालणं आठवत नव्हतं. तिने त्यांना बसलेलंच पाहिलं होतं.

चोविसाव्या वर्षी मोरीत तोंडावर पाणी मारताना मी डोळे मिटले आणि भिंतीवर आपटलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मला कळून चुकलं, हे वडिलांचंच दुखणं. मी आईला सांगितलं नाही, पण आईने मला जिना उतरताना पाहिलं आणि ती आत जाऊन तांदूळ निवडत बसली. त्या दिवशी तिने तेच तांदूळ दोनदा निवडले.

लोकांच्या नजरेतून सुटावं म्हणून मी आडवळणाची शाळा मागून घेतली. कामशेतला एसटीतून उतरायचं आणि दोन तास पायी डोंगराकडे जायचं, तेव्हा वाडी लागे. एका खोलीची शाळा, एकच शिक्षक. माझ्या हुशारीची कमाल अशी की तोल जाणाऱ्या माणसाने अशी जागा निवडली, जिथे भातखाचरांच्या वीतभर रुंद बांधांवरूनच जावं लागतं. पहिल्याच आठवड्यात मी बांधावरून खाचरात कोसळलो.

वाडीतले सगळ्यात जाणते गृहस्थ, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी मला उचललं. उंच, काटक, डोक्याला मळकं पागोटं. उभं करता करता त्यांनी माझं तोंड हुंगलं. वास काहीच आला नाही, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. उंची मालाला वास येत नाही, असं त्यांचं मत असावं.

"गुरुजी, कुटली घेतलीया?"

"काय कुठली?"

"आसू द्या. बाहेरची घेऊ नका, येवढंच सांगतो. त्यात काय बी मिसळत्यात, डोळं जात्यात मानसाचं. आपल्या हितं चोख मिळंल."

तो दारूबंदीचा काळ होता. ओढ्यापलीकडे मोहाची भट्टी लागायची, आणि ती पोलिसांपासून लपवण्यात त्या वाडीची लहान पोरंसुद्धा तरबेज होती. पिणाऱ्याला झाकायचं, त्याला नावं ठेवायची नाहीत, हा तिथला रिवाज. बामणवस्तीत किंवा पेठेत पडलो असतो तर चार लोक हसले असते. वाडीने मला पदरात घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटात, खडूच्या पेटीमागे, रॉकेलची एक जुनी बाटली उभी होती, मोहाच्या दारूने भरलेली. तोंडाला मक्याच्या कणसाचं बुरकुंड ठोकलेलं.

मला असा संताप आला की विचारू नका. मी बाटली शाळेमागच्या उंबराच्या बुंध्याशी ओतली आणि रिकामी परत ठेवली. आठवड्याने ती पुन्हा भरलेली. महिनाभर तो उंबर माझ्या नावावर पीत होता. मग माझ्या लक्षात आलं की रिकामी बाटली हाच पुरावा होतोय. म्हणून मी ती तशीच भरलेली राहू दिली. आबांनी पाहिलं, खूश झाले, "गुरुजींनी सोडली वाटतं," म्हणाले, आणि त्याच दुपारी मी शाळेच्या पायरीवरून घरंगळलो. आबांनी मला उचलून पायरीवर बसवलं.

"परत बाहेरचीच घेतली न्हवं?"

"आबा, मी पीत नाही. शपथ घेऊन सांगतो."

"व्हय, व्हय," ते समजुतीने म्हणाले. पिणारे सगळे हेच सांगतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

पुढे शाळा तपासायला साहेब आले. वाडीत त्यांना दिपोटी म्हणत. सकाळीच दोन बायांनी माझा धडधाकट घोटा हळद-चुन्याने माखून वर फडकं करकचून बांधलं, आणि मला खुर्चीत बसवून समोर टेबल ओढलं. साहेबांना आबांनी सांगितलं, "पाय मुरगाळलाय गुरुजींचा, तरी रजा घेत न्हाईत." पोरांनी पाढे धाडधाड म्हटले. साहेबांनी शेरा उत्तम लिहिला. ज्या पायांना खरोखर काही झालं होतं त्यांना लपवायला एक खोटं दुखणं बांधलं होतं, आणि बांधणाऱ्यांना वाटत होतं की ते दारू लपवताहेत.

एक सुख मात्र त्या वाडीने मला दिलं. लावणीच्या दिवसांत शाळा रिकामी पडे, मग मीही खाचरात उतरे. गुडघाभर चिखलात पाय रुतले की मी ताठ उभा राहायचो. चिखल चहूबाजूंनी धरून ठेवायचा. सगळेच तिथे पाय ओढत, डुलत मागे सरकतात, त्यात माझं डुलणं वेगळं दिसत नसे. बाया हसून म्हणत, "चिखलात गुरुजी लय शुद्धीवर असत्यात." मीही हसायचो. त्या आठ-दहा दिवसांत मी चारचौघांसारखा होतो आणि मला ते मनापासून आवडायचं.

दुसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी मला एका रेषेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्यांनीच मला धरलं. मेंदूचा जो भाग तोल सांभाळतो तो झिजतोय, म्हणाले. औषध नाही.

"घरात आणखी कुणाला?"

"वडिलांना. त्यांच्या बहिणीला."

"भावंडं?"

"एक बहीण. पंधरा वर्षांची."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. हे रक्तातून येतं, म्हणाले, प्रत्येकाला येईलच असं नाही, पण लग्नाचा विचार करताना ध्यानात ठेवा. मी ध्यानात ठेवलं. मला सांगून आलेल्या दोन स्थळांना मी नकार कळवला. कुणा परक्याच्या मुलीला आणि न जन्मलेल्या पोरांना यात ओढायचं नाही, असं मी ठरवलं आणि त्याचा मला अभिमानही होता.

मग बहीण एकोणीस वर्षांची झाली आणि तिला लोणावळ्याचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत फिटर, शांत, निर्व्यसनी. बहीण सुरेख चालत होती, दोन कळशा घेऊन चढ चढत होती. तिला होणारच नाही, असं मी स्वतःला बजावलं. स्वतःच्या लग्नाच्या वेळी जे मला पाप वाटलं होतं तेच तिच्या लग्नाच्या वेळी माझं कर्तव्य झालं. इतकी सोपी लबाडी मी एरवी पोरांनाही करू दिली नसती.

मुलाचे चुलते चौकशी करत थेट वाडीवर आले. मी वर्गात भिंतीला टेकून शिकवत होतो. ते बाहेर आबांजवळ बसले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर पाय असे का टाकतात? वडीलही असेच फेंगडत चालायचे, असं सोमाटण्यात कानावर आलं. घराण्यात काही रोग आहे का? आम्हाला पुढची पिढी बघायचीय."

"रोग?" आबा जवळजवळ भांडायलाच उठले. "रोग कसला वो? सोन्यासारखा मानूस हाये. जरा घेत्यात, येवढंच. आमीच देतो की."

त्यांच्या लेखी ते माझं कौतुक होतं. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि पोलीसपाटलालाही जे सांगितलं नसतं ते माझ्यासाठी उघडं केलं होतं. चुलते उठून वर्गाच्या दारात आले.

"खरं का, मास्तर?"

पोरं पाटीवर लिहीत होती. माझ्या हातात खडू होता. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न रोगाचा होता.

"हो," मी म्हणालो.

"आणि वडील?"

वडिलांची तुळशीची माळ आमच्या घरी खुंटीवर टांगलेली होती. आई रोज तिला फूल वाहायची.

"तेही," मी म्हणालो.

चुलत्यांचा चेहरा सैल झाला. "दारू काय, ज्याची त्याच्यापाशी. ती मुलीत उतरत नाही," म्हणाले. त्यांची एकच अट होती. लग्नाला मी यावं, नंतर मात्र त्या घराशी येणं-जाणं ठेवू नये. मुलगा साधा आहे, त्याच्या घरात हे नको. मी कबूल केलं.

घरी येऊन आईला सांगितलं. "पोरीचं झालं ना? मग बरं केलंस," ती म्हणाली. मग उठून तिने खुंटीवरची माळ काढली, ट्रंकेत तळाला ठेवली आणि जेवायला वाढलं. ती माळ पुन्हा कधी खुंटीवर आली नाही.

लग्नात मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होतो. नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान बायकोच्या भावाचा, पण माझ्याऐवजी मामेभावाला पुढे केलं. मी उठून गेलो असतो तर कान पिळताना नवरदेवावरच पडलो असतो, हेही खरंच. निघताना बहीण माझ्या गळ्यात पडून रडली. "दादा, माझ्यासाठी एवढं सोड रे." मी म्हणालो, सोडतो. ती काय सोडायला सांगत होती आणि मी काय सोडू शकत होतो, याचा काही मेळ नव्हता.

त्यानंतर बारा वर्षं तिच्या घराचा उंबरा मी ओलांडला नाही. भाऊबीजेला ती आईबरोबर करंज्या पाठवायची, मी आईबरोबर तिला पातळ. दोन मुली झाल्याचं आईकडूनच कळलं. एकदा राहवलं नाही म्हणून लोणावळ्याला उतरलो आणि रेल्वे क्वार्टर्सच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, झाडाला धरून उभा राहिलो. बहीण दोरीवर कपडे वाळत घालत होती. टाचा उचलून हात वर करत होती आणि जराही हलत नव्हती. मला इतका आनंद झाला की तिला हाक न मारता मी परत फिरलो. आपण केलं ते योग्यच केलं, असं सगळ्या वाटेभर वाटत होतं.

आई गेल्यावर मी कायमचा वाडीवरच राहायला आलो. हातात काठी आली होती. वाडीने माझ्या वाटेवरचे बांध रुंद करून घेतले होते, ओढ्यावर चालायला दगडाची सरळ फाडी टाकली होती. आबा आता खूप थकले होते. त्या साली भाऊबीजेच्या दिवशी आम्ही दोघं शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी होती आणि वाट लांबपर्यंत दिसत होती.

"कोन बाई येती वो?" आबा म्हणाले.

चेहरा दिसायच्या आधी मला पावलं दिसली. एकमेकांपासून लांब टाकलेली, घाबरत टाकलेली. दोन्ही हात अंगापासून दूर. बांधाच्या वळणावर ती थांबली, खाली बसली, आणि बसूनच पुढे सरकली. मी ओळखलं आणि मला ओळखायचं नव्हतं.

आबा उठून उभे राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी झिंगलेली माणसं कमी पाहिली नव्हती. डोळ्यांवर हात धरून ते बघत राहिले.

"ही तुमची भन?"

"हो."

"ह्या बाई घेत न्हाईत."

आबांनी मान वळवून आधी माझ्या काठीकडे आणि मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"मंग तुमी बी घेत न्हाई."

"नाही, आबा."

"सतरा वरसं, गुरुजी. सतरा वरसं आमी काय मानत हुतो तुमास्नी." त्यांनी पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं. मग ते तिला आणायला बांधावर उतरले. जसा मला द्यायचे तसाच त्यांनी तिला खांदा दिला.

ती ओट्यावर बसली, तांब्याभर पाणी प्यायली. बारा वर्षांनी आम्ही समोरासमोर बसलो होतो.

"तू कधीच घेत नव्हतास ना?"

"नाही."

"आणि बाबाही नाही."

"नाही गं. बाबा तर कधीच नाही."

तिने मान हलवली. वर्ष झालं होतं. आधी कळशी डचमळायला लागली, मग क्वार्टरच्या पायऱ्या उतरताना कठडा लागायला लागला. तिने नवऱ्याला चक्कर येते म्हणून सांगितलं, मग उपास घडला म्हणून सांगितलं. आता शेजारणी विचारत होत्या. नवरा डॉक्टरकडे जाऊ म्हणत होता.

"तुला दारू तरी होती, दादा," ती म्हणाली. "मी काय सांगू?"

बारा वर्षं मी मनातल्या मनात स्वतःला मोठा त्यागी माणूस समजत होतो. बहिणीसाठी बदनामी पत्करली, असा एक हार मी स्वतःच्या गळ्यात घालून फिरत होतो. तिच्या एका वाक्याने त्यातलं काही उरलं नाही. मी तिला वाचवलं नव्हतं. तिच्यापुढे काय आहे ते मी तिच्यापासून लपवलं होतं, तिच्या नवऱ्याला विचार करायची संधी दिली नव्हती, आणि आता त्या घरात दोन मुली होत्या. मला माझी लाज वाटली, आणि ती मी तिला बोलून दाखवली. पिशवीतून तिने तबक काढलं, निरांजन लावलं. ओवाळताना तिचा हात थरथरत होता. मी तबक सावरायला हात पुढे केला तर माझाही थरथरला, तेल सांडलं. शेवटी आबांनी खालून तबक धरलं आणि ओवाळणं पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर लोणावळ्याला गेलो. एसटीतून उतरून क्वार्टरपर्यंत आम्ही एकमेकांना धरून चाललो. लोक वळून बघत होते. दाजी घरीच होते. मला दारात पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली, पण बायकोचा हात माझ्या हातात बघून ते बाजूला झाले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वडिलांचं, आत्याचं, माझं, डॉक्टरांचं.

"म्हणजे त्या दिवशी काकांना..."

"खोटं सांगितलं, दाजी. दारूचं. माझं आणि वडिलांचंही."

"आणि हिला ठाऊक होतं?"

"नाही. हिला काहीच ठाऊक नव्हतं."

त्या घरात मी नेलेली तेवढी एकच गोष्ट तिच्या कामाची होती. दाजी भिंतीकडे बघत होते.

"औषध?"

"नाही."

"आणि मुली?"

बारा वर्षांपूर्वी वर्गाच्या दारात हाच प्रश्न होता आणि तेव्हा माझ्याजवळ एक उत्तर तयार मिळालं होतं. "होईल किंवा होणार नाही," मी म्हणालो. "कुणालाच सांगता येत नाही."

ते चपला घालून बाहेर गेले. बहिणीने चहा टाकला आणि तो निवून गेला. तासाभराने ते खांद्यावर नळाचा लांब लोखंडी पाइप घेऊन परत आले. त्यांनी बहिणीला भिंतीशी उभं केलं, तिचा हात जिथे आला तिथे पेन्सिलीने खूण केली आणि मोरीपर्यंत भिंतीवर तशाच खुणा करत गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा, आणि हे टोक धरा." मी बसून टोक धरलं. ते हातोड्याने भिंतीत भोकं पाडायला लागले.

बाहेर अंगणात दोघी मुली गटाराच्या अरुंद कठड्यावरून हात पसरून चालत होत्या, पावलापुढे पाऊल ठेवून. पडल्या की हसायच्या आणि पुन्हा चढायच्या. हातोडा थांबला तेव्हा माझ्या लक्षात आलं की दाजीही दारातून तिकडेच बघताहेत. तेवढ्यात मोठी कठड्यावरून पडली. ती मुद्दाम पडली की खरोखरच तोल गेला, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.